एका कर्कचे दोन कर्क

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरदर्शन-मालिकेच्या १९६६ सालच्या एका भागात माणसांना यानातून ग्रहावर क्षणार्धात पोचवणारे यंत्र बिघडते. कप्तान कर्कचे दोन कर्क होतात : एक सौम्य, दुसरा आक्रमक!

आता हिशेब करा. कर्कचे वस्तुमान ७० किलोग्रॅम धरले, तर आणखी ७० किलोग्रॅम आले कोठून? आइन्स्टाइनच्या सूत्रानुसार त्यासाठी ६३ वर १७ शून्ये इतके ज्यूल ऊर्जा हवी. लेखकाने नियम मोडला खरा. पण त्यामुळेच आक्रमकपणा गमावलेल्या कर्कला निर्णय घेणे कसे जड जाते, हे दिसते. ही सूट देऊ या.

मात्र ग्रहावर सहकारी गारठत असताना त्यांना आणायला छोटे यान का धाडत नाहीत? कथेत उत्तर नाही. तसे यान मालिकेत नंतर, १९६६ मध्येच, दिसते! कल्पनेला एक सूट द्यावी. पुढचे सारे तर्काला धरून हवे.