प्राण्यंगचूर्ण आणि मालवणचा 'शिवराक'

चातुर्मास्यव्रतांच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांच्या नजरेस 'प्राण्यंगचूर्ण' हा शब्द पडला असेलच. काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनीं इ. स. १७९० मध्यें पुरा केलेल्या 'धर्मसिंधू'त चातुर्मास्यांतील वर्ज्य आमिषें सांगितलीं आहेत, त्यांत हा शब्द येतो. वाचणारा तो वैद्यकांतील एखादें औषध समजून पुढें जातो. आम्हीही बरींच वर्षें तसेंच केलें. वस्तुतः अर्थ अगदीं घरगुती आहे. प्राण्याच्या अंगापासून झालेलें चूर्ण, म्हणजे शिंपल्यांचा चुना. विड्याच्या पानाला लावतात तोच.

देशावरच्या वाचकास या निषेधाचें महत्त्व सहसा कळत नाहीं, कारण तिकडे चुना चुनखडीचा. मालवणच्या बाजूची भूमि जांभ्याची. चुनखडी तेथें दुर्मिळ. खाड्यांच्या कांठीं कालवें व तिसऱ्या यांच्या शिंपल्यांचे ढीग मात्र हवे तेवढे. ते गोळा करून सर्पणाच्या थरांत रचून भट्टींत भाजावयाचे, आणि वर पाणी शिंपडावयाचें, कीं तडतडून पांढरी भुकटी होते. चुनखडी भाजली तरी हाच पदार्थ निघतो. रसायनदृष्ट्या दोहोंत भेद नाहीं, आणि डोळ्यांस किंवा जिभेसही तो ओळखूं येत नाहीं. (सिंधुदुर्गावर शिवाजीमहाराजांच्या हातापायांचे ठसे चुन्यांत उमटलेले दाखवितात, ते पाहतांना ही चुन्याची कुळकथा आमच्या मनांत हटकून येते.) तेव्हां व्रत करणाऱ्यास पदार्थ पाहून भागत नाहीं, तो कशापासून झाला याची चौकशी करावी लागते. शास्त्रकारांची ही दृष्टि आम्हांस फार सूक्ष्म वाटते.

परंतु त्याच यादींत पुढें पाहिलें म्हणजे आजच्या कल्पनेनें चालणारा वाचक गोंधळतो. मांस आणि प्राण्यंगचूर्ण यांच्या पंक्तीस चामड्याच्या पात्रांतील पाणी आहे, तें एक वेळ समजूं शकतें. पण ईडलिंबू, महाळुंग आणि मसूरही तेथेंच आहेत. वनस्पति आमिष कशी? अर्थ इतकाच कीं 'आमिष' ही प्राणी व वनस्पति यांची विभागणी नव्हे. व्रतस्थानें टाळावयाच्या पदार्थांची ती संज्ञा आहे. म्हणून जुन्या कागदांतील 'निरामिष' या शब्दाचें भाषांतर सरसकट 'शाकाहारी' असें करणें धोक्याचें आहे. एखाद्या घराण्याची जात वा मूळ प्रांत अशा एका शब्दावरून ठरवूं जाणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

मालवणांत या संज्ञांची आणखी एक गुंतागुंत आहे. मांसमासळीविरहित जेवणास तिकडे आणि गोमंतकांत 'शिवराक' म्हणतात. हा शब्द जैनांच्या 'श्रावक' शब्दापासून निघाला असावा असें आमचें मत आहे. पण श्रावक आयुष्यभर श्रावक असतो. मालवणांत शिवराक बहुधा माणूस नसून वार असतो. सोमवारीं शिवराक, एकादशीस शिवराक, चतुर्थीच्या सणांत शिवराक. एरवीं ताटांत बांगडा. सारस्वत ब्राह्मणांच्या घरींही हीच रीत. त्यांच्या मत्स्याहारावरून वाद झाले, ते मोठे कडवट झाले. मनूनें एकीकडे मासे खाणारास सर्वमांसभक्षक म्हटलें, आणि लगेच पाठीन व रोहित हे मासे हव्यकव्यांत चालतात असेंही सांगितलें. त्यामुळें दोन्ही पक्षांस आधार मिळाला. बारा वर्षांच्या अवर्षणांत सरस्वतीनें आपल्या पुत्रास मासे देऊन जगविलें व त्यामुळें वेद टिकले, ही शल्यपर्वांतील कथा सारस्वतांच्या बाजूनें नेहमीं पुढें येते. शेणव्यांच्या ब्राह्मण्याचा विचार इ. स. १६६४ मध्यें राजापुरास गागाभट्टादि पंडितांच्या सभेंत झाला. सिंधुदुर्गाची पायाभरणीही त्याच वर्षाची.

आतां गंमत पहा. शिवराकाच्या दिवशीं तिसऱ्यांचें कालवण होत नाहीं, पण जेवणानंतरच्या विड्यांत तिसऱ्यांचीच कवची चुना होऊन येते. उपवासाला तांबूल निषिद्ध आहे, पण तो विलास म्हणून. शिंपल्याची सबब तेथें नाहीं. सोवळ्यांतलें रेशीम किड्याच्या कोशाचें. वैद्याच्या पुडींतलें 'समुद्रफेन' हा नांवाप्रमाणें फेस नव्हे, माकुळाच्या पाठीतलें हाड तें! आमच्या जुन्या पोथ्यांतला लाखेचा तांबडा रंगही किड्याचीच देणगी. या सर्वांस ढोंग म्हणणें सोपें आहे, पण तें अज्ञान ठरेल. भट्टींत भाजून भस्म झालेली वस्तु आणि खाद्य मांस यांत लोकाचार भेद करतो. चातुर्मास्याचा नियम तो भेद तेवढ्यापुरता नाकारतो. दोन्ही विचार एकाच घरांत नांदले.

विलायतेंत १९४४ सालीं डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं दूध व अंडींही वर्ज्य करणाऱ्यांसाठीं 'व्हीगन' शब्द काढला. आश्विनांत दूध सोडणारा आमच्याकडील क्षीरव्रती बाहेरून तसाच दिसतो, पण त्याचें प्रयोजन गाईविषयींची दया नसून स्वतःचा संयम आहे, आणि कार्तिकांत तो दूध घेऊन डाळी सोडतो. उलट दिल्ली उच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें, पाकिटांतील प्रत्येक घटक वनस्पतिजन्य कीं प्राणिजन्य हें छापावें, मग त्याचें प्रमाण कितीही अल्प असो, असा आदेश दिला, तेव्हां प्रश्न थेट प्राण्यंगचूर्णाचाच होता. त्यांत उदाहरण होतें चवीसाठीं घालावयाच्या इनोसिनेट नामक क्षाराचें. तो मांसापासून वा मासळीपासूनही काढतात, आणि त्याच्या रूपावरून मूळ ओळखूं येत नाहीं.

मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी या बाजूच्या घराण्यांचे जमाखर्च ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं आषाढ ते कार्तिक या महिन्यांतील चुन्याच्या नोंदी काढून पहाव्या, व तो घाटावरून आणविला कीं खाडीवरच्या भट्टींतून, हें टिपून आम्हांकडे पाठवावें. नोंद दोन शब्दांची असली तरी चालेल.