सुपारी आणि अनुदान

चैत्र लागला की आंबेगाव-जुन्नर भागात यात्रांचे दिवस सुरू होतात. गावची यात्रा कमिटी घरोघर पट्टी गोळा करते, मंचरहून नाशिकच्या वाटेवर असलेल्या नारायणगावी जाते आणि तेथे राहुट्या टाकून बसलेल्या एखाद्या तमाशाच्या फडाला सुपारी देऊन येते. विठाबाईंचे हे गाव. लोकाश्रय म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आम्हांला दूर जावे लागत नाही.

परंतु सुपारीने विकत मिळते ती एक रात्र. तालमी, पावसाळ्याचे रिकामे महिने, फाटलेले पडदे, नवशिक्यांचे शिक्षण यांचा भार तिच्यावर सहसा पेलत नाही. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा सुपारी थांबली की सारेच थांबते, हे आपण सर्वांनी पाहिले. फड निदान धंदा म्हणून चालतो. हौशी नाटकमंडळी, भजनी मंडळ, मुलांना गाणे शिकविणारी संस्था यांना तर नफा मिळवावयाचाच नसतो. त्यांनी वर्षभर तग कसा धरावा?

येथे अनुदानाचा विचार येतो. अनुदान म्हणजे भिक्षा नव्हे आणि बक्षीसही नव्हे. ठरलेल्या कामासाठी, हिशेब देण्याच्या अटीवर मिळालेला तो लोकांचा पैसा होय. ब्रिटनमध्ये १९४६ साली आर्ट्स कौन्सिल स्थापन झाले. पैसा सरकारने द्यावा, पण तो कोणाला द्यावयाचा हे कौन्सिलने ठरवावे, असा तेथील संकेत पडला. आपल्याकडे १९५३ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. राज्याचे सांस्कृतिक कार्य खातेही कलासंस्थांना साहाय्य देते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले. त्या कामांच्या यादीत कला आणि संस्कृती आहे. चाकणचे कारखाने आपल्यापासून दूर नाहीत.

मग पैसा गावापर्यंत का पोहोचत नाही? बहुधा कलेच्या उणिवेमुळे नव्हे, तर कागदांच्या उणिवेमुळे. सात जणांनी मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवावी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद करावी, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा, आयकर खात्याची मान्यता मिळवावी, एवढी ही वाट आहे. गावोगावच्या ग्रंथालयांनी १९६७ च्या कायद्यानंतर ती चोखाळली. म्हणूनच त्यांना दरसाल अनुदान मिळते. ग्रंथालयाला जे साधते ते नाटकमंडळीला का साधू नये?

एक सावधगिरी मात्र हवी. अनुदान उशिरा येते, हप्त्यांनी येते, आणि पुष्कळदा खोलीच्या भाड्याला चालत नाही. तेव्हा सभासदांची वर्गणी हा पाया आणि अनुदान हा वरचा मजला, असे समजावे. सारा भार अनुदानावर टाकणारी संस्था ते थांबताच खाली येते.

मंचरमध्ये शिक्षक आहेत, वकील आहेत, पतसंस्थांत जमाखर्च लिहिणारे आहेत. त्यांनी वर्षातून चार संध्याकाळी एखाद्या मंडळाच्या वह्या पाहिल्या, तरी कलेची मोठी सेवा घडेल. आणि बाकीच्यांनी? मंडळाला वर्गणी देताना पावती मागावी. अनुदानाचा पहिला कागद तोच.