जुना कॉम्प्युटर : विंडोज बदलावी की तशीच राहू द्यावी?

घरातला जुना कॉम्प्युटर सुरू केला की अलीकडे पडद्यावर एक सूचना येते : विंडोज १० ची मुदत संपली आहे, विंडोज ११ घ्या. मुलगा म्हणतो, "अब्बा, नवा लॅपटॉपच घेऊ या." अब्बा म्हणतात, "चालतोय ना? मग कशाला खर्च?" अम्मीची फिक्र वेगळीच असते. बदलाबदलीत निकाहाचे फोटो तर जाणार नाहीत? तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. म्हणून हा निर्णय नीट माहिती घेऊन आणि घरात सर्वांशी बोलून घेतलेला बरा.

मुदत संपली म्हणजे काय?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. याचा अर्थ कॉम्प्युटर बंद पडेल असा नाही. फाइल्स उघडतील, प्रिंटर चालेल, इंटरनेटही चालेल. थांबली आहे ती दुरुस्ती.

विंडोजमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सतत सापडत असतात. त्या बुजवणारे अपडेट कंपनी साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. विंडोज ११ ला ते मिळत राहतात. दोन्ही विंडोजचा पाया बराचसा सारखा आहे. त्यामुळे नव्या विंडोजमध्ये काय दुरुस्त केले ते पाहून जुन्या विंडोजमध्ये तीच त्रुटी शोधणे चोरांना सोपे जाते. अँटिव्हायरस असला तरी तो पहारेकऱ्यासारखा असतो. भिंतीला पडलेले भगदाड तो बुजवू शकत नाही.

हा धोका किती खरा आहे, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस दीडशेच्या आसपास देशांत पसरला. तो फाइल्सना कुलूप लावून पैसे मागत होता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांचे कॉम्प्युटर त्या वाटेने येणाऱ्या हल्ल्यापासून वाचले.

आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहे तरी काय?

निर्णयाआधी हा प्रश्न विचारावा. हजच्या अर्जासाठी स्कॅन केलेले पासपोर्ट, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठीचे उत्पन्नाचे दाखले, आधार कार्डे, बँकेचे पासवर्ड, दुकानाचा हिशेब, गिऱ्हाइकांच्या उधारीची यादी. यातले बरेचसे आपले एकट्याचे नसते. झेरॉक्स किंवा ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान असेल, तर मोहल्ल्यातल्या शेकडो घरांचे कागद त्या एका डब्यात असतात. लोकांनी विश्वासाने दिलेली ती अमानत आहे. अशा कॉम्प्युटरच्या बाबतीत "चालतोय ना" हे उत्तर पुरेसे नाही.

उलट, ज्या कॉम्प्युटरवर दादी फक्त साठवून ठेवलेले बयान ऐकते आणि ज्याला इंटरनेटच जोडलेले नाही, त्यासाठी घाईने खर्च करण्याचे कारण नाही.

आधी तपासणी, मग दुकान

नवा लॅपटॉप घेण्यापूर्वी आपला जुना कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालतो का ते पाहावे. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अॅप ते सांगते. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, 'सिक्युअर बूट'ची सोय आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची व्यवस्था लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ही पिढी २०१७ मध्ये आली. प्रोसेसरच्या नावात 'आय५-८२५०यू' असे लिहिलेले असेल, तर रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. 'आय३-७१००' असेल तर सातवी.

कधी कधी टीपीएम कॉम्प्युटरमध्ये असतो, पण बंद करून ठेवलेला असतो. बायोस सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करता येतो. म्हणून अॅपने एकदा "नाही" म्हटले की लगेच निराश होऊ नये. जाणकाराला दाखवावे.

चार वाटा

पहिली वाट : कॉम्प्युटर पात्र असेल तर विंडोज ११ घ्यावी. मूळ परवान्याच्या विंडोज १० वरून हा बदल मोफत होतो. रॅम ४ जीबीच असेल तर मात्र ती ८ करावी आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. नाहीतर कॉम्प्युटर रखडत चालेल आणि दोष नव्या विंडोजला मिळेल.

दुसरी वाट : थोडी मुदत घ्यावी. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली. अपडेटच्या सेटिंगमधून तिच्यात नाव नोंदवता येते. मायक्रोसॉफ्ट खाते वापरून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. बारावीचे वर्ष आहे, घरात लग्न आहे, हात तंग आहे, अशा घरांना ही मुदत उपयोगी आहे. पण ही कायमची सोय नाही. या काळात पुढची तयारी करावी.

तिसरी वाट : लिनक्स. 'लिनक्स मिंट' ही मोफत प्रणाली सातव्या पिढीच्या आणि त्याहून जुन्या बऱ्याच कॉम्प्युटरवरही चालते. इंटरनेट, ईमेल, व्हिडिओ, मराठी आणि उर्दू टायपिंग, 'लिबर ऑफिस'मध्ये पत्रे व हिशेब ही कामे तिच्यावर होतात. पेन ड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. वायफाय व प्रिंटर चालतात का ते तेव्हाच तपासावे. टॅलीसारखी विंडोजची सॉफ्टवेअर मात्र तिच्यावर सरळ चालत नाहीत.

चौथी वाट : जुनी विंडोज ठेवावी, पण इंटरनेट काढून टाकावे. उर्दू डीटीपी करणाऱ्यांना ही वाट जवळची वाटेल. वर्षानुवर्षे इनपेजच्या जुन्या आवृत्तीत केलेले काम युनिकोडमध्ये नसते. नव्या कॉम्प्युटरवर त्या फाइल्स नीट उघडतील की नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. मराठीत जुन्या श्रीलिपीवर काम करणाऱ्यांचीही अडचण अशीच आहे. पोटापाण्याचे काम अडत असेल तर तो कॉम्प्युटर फक्त त्याच कामाला ठेवावा. बँक आणि ईमेल दुसरीकडे, अपडेट मिळणाऱ्या फोनवरही चालेल. पेन ड्राइव्ह मात्र जपून लावावा, कारण तोही व्हायरसची वाट आहे.

एक वाट टाळावी. "क्रॅक मारून देतो" म्हणणारे प्रत्येक बाजारात भेटतात. अशा क्रॅकमधून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये शिरू शकतात. शिवाय दुसऱ्याच्या मेहनतीचे मोल बुडवण्याचा प्रश्न राहतोच. लिनक्स मोफत मिळत असताना चोरीच्या विंडोजची गरज नाही.

हात लावण्यापूर्वी

कोणतीही वाट घेतली तरी आधी बॅकअप घ्यावा. फोटो, निकाहनामे, मार्कशीट, हिशेब यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. कॉपी झाली एवढ्यावर थांबू नये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार फाइल्स उघडून पाहाव्यात. टॅली किंवा इनपेजचा परवाना व पासवर्ड कागदावर लिहून घ्यावेत. जुना कॉम्प्युटर विकायचा किंवा कुणाला द्यायचा असेल तर डिस्क पूर्ण पुसूनच द्यावी. नुसते डिलीट केलेले परत काढता येते.

नवा लॅपटॉप घेण्याची वेळ शेवटी येईलही. पण तपासणी केल्यावर अनेक घरांना कळेल की एक एसएसडी आणि रविवारची दुपार एवढ्यात काम भागते. आणि ज्यांना खर्च करावाच लागेल, त्यांना तो कशासाठी करतो आहोत हे नीट ठाऊक असेल.