रंगांतून भावनांची ओळख

तीन-चार वर्षांच्या मुलाला राग, भीती, रुसवा सारे जाणवते. ते सांगायला शब्द मात्र अपुरे पडतात. अशा वेळी रंगकाम उपयोगी पडते. पुण्यातील बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरमधील अंगणवाडी असो वा सोसायटीतले घर, त्यासाठी पाठकोरे कागद आणि तेलखडूंची एक पेटी पुरते.

वय : कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या टप्प्यांनुसार मुले साधारण २ ते ४ वर्षांत रेघोट्या मारतात, तर ४ ते ७ वर्षांत ओळखू येणारे आकार काढू लागतात.

कृती : कागदावर माणसाची साधी आकृती काढून द्यावी. ‘राग आला की कुठे जाणवतं?’ असे विचारून तिथे हवा तो रंग भरू द्यावा. कुणी गाल लाल करते, कुणी पोटावर काळे गिरगटते. मग ‘इथे काय चाललंय?’ एवढेच विचारावे आणि ऐकावे.

टाळावे : रंग रेषेबाहेर गेला म्हणून टोकणे, चित्राला गुण देणे, भावंडांच्या चित्रांशी तुलना करणे.

मर्यादा : कोणत्याही रंगाचा ठरावीक अर्थ नसतो. काळा वापरला म्हणजे मूल दुःखी, असे नव्हे. कधी पेटीत तोच खडू शाबूत उरलेला असतो. एका चित्रावरून निदान होत नाही. झोप, जेवण किंवा खेळण्यातला बदल काही आठवडे टिकला, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटावे. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध असते.