चटकचांदणीचा संसार

पाऊस सरून दिवाळीची चाहूल लागली, की सातारा-सांगलीच्या वाटेवर एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही अंगांना पांढरी नक्षी दिसू लागते. नवख्याला वाटावे, कोणी हौसेने फुलझाडेच लावली आहेत! गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पाने आणि वर मोत्यांएवढी फुले. कोणी तिला गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. पण भाषेच्या अभ्यासकाला विचाराल, तर सर्वांत सरस नाव चटकचांदणी. नखरेल, दिमाखदार बाईला आपल्याकडे हा शब्द वापरतात. लोकांनी तो या झाडाला चिकटवला, आणि तो शोभलाही.

वस्तुतः हे गवत नव्हे आणि गाजराशीही तिचे नाते नाही. कूळ सूर्यफुलाचे, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या झेंडूचेच. माहेर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचे. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ साली दिले. आपण ज्याला फूल म्हणतो, तो बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्यातल्या मधल्या फुलांना बी धरत नाही. कडेच्या पाचांना प्रत्येकी एकच. पाच बिया म्हणजे किती थोड्या! पण एका झाडावर असे गुच्छ हजारो. सारी बेरीज पंधरा ते पंचवीस हजारांवर जाते. शिवाय प्रत्येक बीला हवा भरलेल्या दोन चिमुकल्या पिशव्या असतात; त्यामुळे ती पाण्यावर तरंगते.

ही पाहुणी आली कशी? घरोघरी ठरलेले उत्तर आहे : अमेरिकेच्या गव्हाबरोबर. आता तारखा पाहा. पुण्यात ती आढळल्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. आजचा सांगली जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. 'पी. एल. ४८०' या कायद्याखालचा गव्हाचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे त्या कराराच्या आधीच बाई दारात उभी होती! अमेरिकेचा गहू १९५१ सालीही आला होता, त्यामुळे गव्हाला अगदी निर्दोष सोडता येत नाही. पण कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही तिचे नाव आहे. शंभराहून अधिक वर्षे ती या देशात कोठे ना कोठे होती, आणि कोणाच्या डोळ्यांत आली नव्हती.

मग ती फोफावली कशाने? या प्रश्नाचे उत्तर जहाजात नाही, आपल्या अंगणात आहे. दाट कुरण आणि घट्ट झाडी यांत तिचा सहसा निभाव लागत नाही. तिला हवी उकरलेली, उघडी पडलेली जमीन. रस्त्यासाठी खणलेली माती, रुळांची कड, पाटाचा बांध, माण-खटाव आणि जत-आटपाडीकडची पडीक राने, शहरातले रिकामे प्लॉट. जी जागा कोणाचीच नाही, ती तिची! चाकांच्या चिखलातून, वैरणीतून, शेणखतातून आणि कृष्णेच्या पाण्यातून बी पुढे जाते. पाऊस पडताच उगवते, महिना-दीड महिन्यात फुलते आणि ओल मिळाली तर वर्षात अनेक पिढ्या काढते. तिच्या अंगातले पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या बियांनाही रुजू देत नाही.

हेच द्रव्य माणसालाही छळते. पहिल्या स्पर्शाला बहुधा काही होत नाही. पुनःपुन्हा संबंध आला की काहींच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खळग्यात खाज व पुरळ उठते. परागांनी कोणाला शिंका, कोणाला दमा. शहरातला माणूस वाट बदलील. पण जिचे पोट भांगलणीवर आहे, ती बाई उघड्या हातांनी रोज याच झाडाशी झुंजते. तिला रान सोडता येत नाही.

उपाय आहेत. मेक्सिकोतून आणलेला भुंगेरा १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला. तो आणि त्याच्या अळ्या हिचीच पाने फस्त करतात. मात्र त्यांचा जोर पावसाळ्यापुरता. आपला टाकळा दाट पेरला तर तोही हिला जागा देत नाही. आणि सर्वांत स्वस्त उपाय : फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे. बिनफुलाचे झाड खतालाही चालते.

दिवाळीपूर्वी आपण माळ्यापासून मोरीपर्यंत घर लख्ख करतो आणि कुंपणाशी थांबतो. चटकचांदणीचा संसार नेमका कुंपणापलीकडे सुरू होतो. पुढच्या आषाढात एका रविवारी गल्लीतल्या चार घरांनी मिळून त्या रिकाम्या प्लॉटकडे तासभर दिला, तर येत्या दिवाळीपर्यंत पंचवीस हजारांच्या हिशेबातली कितीतरी शून्ये आपोआप गळून पडतील!