शेवटचा ‘नको’ कुठे गेला?

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपच्या मशिनांची देखभाल मी बाहेरून बघतो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी चाकणहून परतताना मोशीच्या अलीकडे वाहतुकीत अडकलो. शॉपमध्ये एका पॉवर प्रेसच्या क्लचचं काम अर्धवट सोडून आलो होतो. गाडी बाजूला घेतली, कानात इअरबड होतेच, सेटरला फोन लावला आणि सांगितलं, ‘मी येईपर्यंत प्रेस चालू करू नको.’ पलीकडून ‘बरं काका’ असं उत्तर आलं.

मी पोहोचलो तेव्हा शॉपमध्ये आरडाओरडा चालला होता. सेटरने मेन स्विच टाकला होता आणि हेल्परचा हात डायमध्ये होता. शेजारच्या मशिनवरच्या कामगाराने ओरडून हात काढायला लावला म्हणून निभावलं. मालकांनी सेटरला फैलावर घेतलं, मीही घेतलं. तो एवढंच म्हणत राहिला, ‘काका, तुम्हीच चालू करू म्हणालात.’

तीन दिवसांनी त्याने मला गाठलं. त्याच्या मोबाइलमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. त्यात माझाच आवाज होता : ‘मी येईपर्यंत प्रेस चालू करू’. त्यानंतर शांतता. ‘नको’ नव्हताच.

माझा धंदा बिघाड शोधण्याचा. मोटर फिरत नसेल तर आम्ही आधी मोटर उघडत नाही. सप्लाय, फ्यूज, स्टार्टर, मग मोटर, असं टप्प्याटप्प्याने जातो. इअरबडच्या बाबतीत मात्र सगळे थेट ‘माइक गेला’ म्हणून मोकळे होतात आणि नवीन जोडी घेतात. मी पहिल्यांदाच हा बिघाड मोटरसारखा शोधायचं ठरवलं.

सुरुवात रेकॉर्डरपासून केली आणि तिथेच फसलो. फोनमधल्या रेकॉर्डर ॲपवर आवाज स्वच्छ आला, म्हणून माइक ठीक आहे असं मानून चाललो होतो. पण इअरबड जोडलेले असूनही बरेच रेकॉर्डर फोनचाच माइक वापरतात. हे ओळखायची सोपी रीत म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना नखाने एकदा इअरबडवर आणि एकदा फोनवर टिचकी मारायची. जी टिचकी मोठी ऐकू येईल, तो माइक. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या इअरबडसमोर ‘कॉल’ची परवानगी चालू आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

मग भिंगाखाली भोक बघितलं. इअरबडमधला माइक म्हणजे सिलिकॉनचा एक इवलासा पडदा. त्याच्यापर्यंत आवाज जातो तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून. घाम, कानातला मळ आणि धूळ त्यात बसते, हे कुठेही होतं. आमच्या भागात त्यात भर पडते ती लोखंडाच्या किसाची. इअरबडच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक, डबीच्या खाचेतही लोहचुंबक. ग्राइंडरजवळ उभं राहून खिशात ठेवलेली डबी उघडून बघा, जाळीवर काळी मिशी आलेली दिसेल. यावर शॉपमधला ठरलेला उपाय म्हणजे एअर गन. कपडे, केस, जेवणाचा डबा, सगळं आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेनं झटकतो! ती हवा माइकच्या भोकात मारली की पडदा फाटतो, आणि टाचणी घातली तरी तेच. कोरडा मऊ ब्रश घ्यावा, भोक खाली करून हलक्या हाताने झाडावं, कीस चिकटपट्टीने उचलावा. दोन्ही इअरबड आलटून पालटून एकेकटे वापरून बघावेत, कारण बऱ्याच जोड्यांत एका वेळी एकाच बाजूचा माइक बोलतो. माझी दोन्ही भोकं साफ होती.

‘गाणी तर झकास ऐकू येतात, मग बोलणंच का फाटतं?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. नाशिक रस्त्याची सगळी रुंदी एकाच दिशेला सोडली तर वाहनं कशी सुटतील, तशी गाणी येतात : फोनकडून कानाकडे, एकेरी. कॉल लागला की त्याच रस्त्यावर जाणारी-येणारी वाहतूक एकदम सुरू होते आणि ब्लूटूथ आपली पद्धत बदलतं. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. त्यामुळे साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही पुढे जातच नाही. २०११ साली आलेल्या सुधारणेत हे नमुने १६,००० झाले, पण फोन आणि इअरबड दोघांनाही ती पद्धत यावी लागते. दोघांपैकी एक जुना असेल तर दोघं जुन्याच बोलीत बोलतात.

आता ‘स’ म्हणून बघा. त्या सळसळीचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला की ‘साठ’चा ‘आठ’ व्हायला फार काही लागत नाही. ‘श’ची सळसळ खालच्या पट्टीत असते, त्यामुळे ‘शंभर’ बहुतेक शाबूत पोहोचतो. आमच्याकडे ऑर्डरी फोनवरच चालतात. साठ ब्रॅकेट मागितले आणि आठच आले, यावर झालेली भांडणं मी ऐकली आहेत. दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

पण माझा ‘नको’ या कात्रीत सापडलेला नव्हता. ‘न’ आणि ‘को’ दोन्ही खालच्या पट्टीतले. म्हणून मी पुन्हा मोशीला गेलो, तीच वेळ, तीच जागा, सेटरचा तोच फोन. तेच वाक्य एकदा इअरबडवरून म्हटलं आणि एकदा फोन हातात धरून. असं बऱ्याचदा केलं. हातातल्या फोनवरून ‘नको’ दर वेळी पोहोचला. इअरबडवरून कधी पोहोचला, कधी अर्धा, कधी गायब. म्हणजे नेटवर्क सुटलं. चोर कानातच होता.

तोंडापाशी धरलेला रिसीव्हर आणि कानातला इअरबड यांत मूळ फरक अंतराचा. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तोंडापासून ३ सेंटिमीटरवरचा माइक १२ सेंटिमीटरवर नेला तर आपला आवाज १२ डेसिबलने खाली जातो, आणि रस्त्यावरचा ट्रक मात्र दोन्ही जागी तेवढाच मोठा असतो. ही तूट भरून काढायला इअरबडमध्ये दोन-तीन माइक असतात. दोन माइक २ सेंटिमीटर अंतरावर असतील तर तोंडाकडून येणारा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचायला सुमारे ६० मायक्रोसेकंद जास्त लागतात. एवढ्याशा फरकावरून इअरबड दिशा ओळखतो.

त्यानंतर गोंगाट वजा करायचं काम. त्याची एक मूळ रीत स्टीव्हन बोल या संशोधकाने १९७९ साली मांडली : माणूस बोलत नसताना गोंगाट कसा आहे ते मोजून ठेवायचं आणि बोलताना तेवढं वजा करायचं. पंख्याची घरघर, इंजिनाची गुणगुण अशा एकसुरी आवाजांवर ही रीत उत्तम चालते. प्रेसचा ठोका किंवा अचानक वाजलेला हॉर्न तिला पकडता येत नाही. आताच्या इअरबडमधले हिशोब पुष्कळ पुढे गेले आहेत, पण मोठा आवाज म्हणजे बोलणं आणि बारीक म्हणजे गोंगाट, ही वाटणी अजूनही त्यांना चकवते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं ‘नॉइज कॅन्सलेशन’ बहुधा आपल्या कानासाठी असतं, समोरच्याच्या नव्हे. उलट त्याने नुकसान होतं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवलं. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा कानात परत येई, त्यावरून आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळे. बंद कानात गोंगाट येत नाही, म्हणून आपण हळू बोलतो. माइक मात्र गोंगाटातच उभा असतो.

आणि हळू बोलताना सगळ्यात हळू काय म्हटलं जातं? वाक्याचा शेवट. तिथे श्वास संपत आलेला असतो, सूर खाली येतो. हिंदीत ‘चालू मत करना’ म्हणताना नकार क्रियापदाच्या आधी येतो, इंग्रजीत ‘डोन्ट’ वाक्याच्या तोंडाशीच असतो. मराठीत ‘करू नको’, ‘लावायचं नाही’, ‘हात घालू नये’ असा सगळा नकार शेपटीला. इअरबडने शेपटी छाटली की उरतं ‘चालू करू’, आणि तेही पूर्ण, अर्थाचं वाक्य! सेटरने ऐकलं ते बरोबर होतं. मी म्हटलं तेही बरोबर होतं.

विमान चालवणारे लोक नियंत्रण कक्षाकडून आलेला आदेश उलट म्हणून दाखवतात, हे आपल्याला माहीत असतं. ‘बरं काका’ हे उलट म्हणणं नव्हे. आता मी नकार आधी घालतो : ‘नको, प्रेस चालू करू नको. काय सांगितलं?’ आकडे फोडून सांगतो, ‘साठ, सहा-शून्य’. फोन विरुद्ध बाजूच्या मागच्या खिशात ठेवत नाही, कारण ब्लूटूथच्या लहरी अंगातलं पाणी शोषून घेतं आणि शब्द तुटतात. क्लच खोललेला असेल तेव्हा मेन स्विचला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या खिशात. हे कुलूप त्या दिवशीही लावायला हवं होतं. ती चूक इअरबडची नाही.

सेटरची माफी मी मालकांसमोर मागितली, रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवून. आता मी फोन केला की ‘बोला काका’च्या आधी तो विचारतो, ‘कानातलं काढलं का?’