क्लीव्हलंड ब्राउन्सचा १९९५ सालचा हंगाम

एखाद्या संघाचा हंगाम वाया गेला म्हणजे त्याची कारणे आपण मैदानावर शोधू लागतो. कोणता खेळाडू जायबंदी झाला, कोणाची निवड चुकली, प्रशिक्षकाचे डावपेच कोठे फसले, याची चर्चा होते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड ब्राउन्स या संघाला १९९५ साली सोळा सामन्यांपैकी अवघे पाच जिंकता आले व अकरा गमवावे लागले. या अपयशाचा उलगडा मात्र मैदानावर पुरतेपणी होत नाही. त्यासाठी संघाच्या जमाखर्चाच्या वह्या उघडाव्या लागतात.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळावयाचा खेळ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन फुटबॉल त्याहून अगदी वेगळा. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा सहकाऱ्याकडे फेकून प्रतिपक्षाची फळी भेदीत जावयाचे, हे त्याचे मुख्य स्वरूप. या खेळाच्या व्यावसायिक संघांची नॅशनल फुटबॉल लीग ही संघटना असून तीमधील बहुतेक सर्व संघ खासगी मालकीचे आहेत. संघ शहराचे नाव लावतो, शहराच्या अभिमानाचा विषय होतो. पण कायद्याच्या दृष्टीने तो मालकाची जिंदगी असतो. ही विसंगती एरवी कोणाच्या ध्यानातही येत नाही. क्लीव्हलंडमध्ये ती १९९५ साली उघडी पडली.

ब्राउन्स हा संघ १९४६ साली स्थापन झाला आणि पॉल ब्राउन या पहिल्या प्रशिक्षकाचेच नाव त्याने घेतले. तो १९५० साली लीगमध्ये आला आणि त्याच वर्षी अजिंक्य ठरला. पुढे १९५४, १९५५ व १९६४ साली त्याने पुन्हा अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर मात्र ते त्याला कधीच लाभले नाही. तरीही प्रेक्षकांची निष्ठा ढळली नाही. पोलाद व यंत्रांच्या कारखान्यांचे हे शहर पुढील दशकांत ओसरत गेले. कारखाने बंद पडले, लोकसंख्या घटली. पण एरी सरोवराच्या काठावरील म्युनिसिपल स्टेडियम रविवारी भरतच असे. त्याच्या एका टोकाला असलेल्या स्वस्त बाकांवरील मंडळी कुत्र्याचे मुखवटे चढवून भुंकत आणि मैदानात कुत्र्यांची बिस्किटे भिरकावीत. हा प्रकार १९८५ च्या सुमारास सुरू झाला. परक्याला तो पोरकट वाटेल. तेथील कामकऱ्यांचा तो सण होता.

आर्ट मॉडेल यांनी हा संघ १९६१ साली सुमारे ४० लाख डॉलरना विकत घेतला. लीगच्या संघांनी दूरदर्शन प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्वांनी समान वाटून घ्यावे, या व्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांपैकी ते एक होते. या व्यवस्थेमुळे लहान शहरांतील संघही तग धरू शकले. तिकिटांच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्साही त्या काळी पाहुण्या संघाला मिळत असे. परंतु स्टेडियममधील काचबंद खासगी कक्षांचे भाडे आणि जाहिरातींचे उत्पन्न या वाटणीत येत नाही. ते ज्याचे त्याच्यापाशी राहते. साहजिकच ज्याचे स्टेडियम नवे आणि जेथे श्रीमंतांसाठी कक्ष अधिक, तो संघ श्रीमंत, अशी स्थिती हळूहळू उत्पन्न झाली. खेळाडूंच्या एकूण वेतनावर १९९४ पासून मर्यादा घालण्यात आली खरी; पण नामांकित खेळाडू करारावर सही करतानाच मोठी रोख रक्कम मागतो आणि हिशेबात ती अनेक वर्षांवर विभागून दाखविता येते. म्हणजे कागदावर सर्व संघ समान असले, तरी ज्याच्या गाठी रोकड तोच बळकट.

मॉडेल यांच्यापाशी ती नव्हती. १९३१ साली उभे राहिलेले जुने स्टेडियम त्यांनी १९७३ मध्ये शहराकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतले होते. तेथेच खेळणारा इंडियन्स हा बेसबॉलचा संघ त्यांना भाडे देत असे. शहराने नवी क्रीडासंकुले बांधावयाचे ठरविले, तेव्हा मॉडेल त्या योजनेपासून दूर राहिले; आपले स्टेडियम आपल्याला पुरेल असा त्यांचा अंदाज होता. तो साफ चुकला. १९९४ साली इंडियन्स नव्या मैदानावर गेले आणि त्यांच्याबरोबर भाडेही गेले. जुन्या वास्तूच्या डागडुजीचा भार तेवढा मॉडेल यांच्या माथी राहिला. शहराने आपल्याला वाऱ्यावर सोडले, ही त्यांची तक्रार पुढे नेहमीची झाली. तिच्यात तथ्य थोडे आहे, पण थोडेच.

तशाही स्थितीत १९९५ च्या हंगामाकडून अपेक्षा मोठ्या होत्या. बिल बेलिचिक हे प्रशिक्षक होते. १९९४ साली संघाने अकरा सामने जिंकले होते. चेंडू झेलण्यात वाकबगार म्हणून गाजलेल्या आंद्रे रायझन या खेळाडूशी पाच वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरचा करार करण्यात आला. त्यासाठी मॉडेल यांना कर्ज काढावे लागले. पहिल्या चार सामन्यांपैकी तीन जिंकल्यावर सारे अपेक्षेप्रमाणे चालले आहे असे वाटले. मग घसरण सुरू झाली. त्याच वर्षी लीगमध्ये दाखल झालेल्या जॅक्सनव्हिलच्या नवख्या संघाकडूनही हार पत्करावी लागली. व्हिनी टेस्टाव्हर्डी यांना बसवून एरिक झायर या नवोदिताच्या हाती डावाची सूत्रे देण्यात आली. ५ नोव्हेंबर रोजी घरच्याच मैदानावर ह्यूस्टनच्या संघाने ३७-१० असा पराभव केला. येथवर हा कोणत्याही संघाचा सामान्य दर्जाचा वाईट हंगाम होता.

दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबरला, बॉल्टिमोर येथे एका व्यासपीठावरून मॉडेल यांनी जाहीर केले, की आपण संघ तेथे हलविणार आहोत. करार ऑक्टोबरच्या अखेरीसच गुप्तपणे झाला होता. मेरीलँड राज्य आपल्या खर्चाने नवे स्टेडियम बांधून देणार होते आणि भाडेही घेणार नव्हते. बॉल्टिमोरची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्या शहराचा कोल्ट्स हा संघ त्याच्या मालकाने १९८४ च्या मार्च महिन्यात रातोरात मालमोटारींत सामान भरून इंडियानापोलिसला नेला होता. आपण जे सोसले तेच दुसऱ्याच्या वाट्याला देण्यास ते शहर अकरा वर्षांनी तयार झाले. क्लीव्हलंडमध्ये तर ७ नोव्हेंबरला जुन्या स्टेडियमच्या १७ कोटी ५० लाख डॉलरच्या नूतनीकरणासाठी मद्य व तंबाखूवरील कर चालू ठेवावा की नाही, यावर मतदान व्हावयाचे होते. आदल्या दिवशीची बातमी कळूनही सुमारे ७२ टक्के मतदारांनी कौल कराच्या बाजूने दिला. मालक निघून गेला होता. गावकऱ्यांनी आपला शब्द पाळला.

त्यानंतरच्या सामन्यांचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नाही. ह्यूस्टनचा धरून लागोपाठ सहा पराभव झाले. ज्या खेळाडूंना पुढल्या वर्षी आपण कोठे राहणार हे ठाऊक नव्हते, त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होते.

१७ डिसेंबरला म्युनिसिपल स्टेडियममधील अखेरचा सामना सिनसिनाटीशी झाला व तो ब्राउन्सने २६-१० असा जिंकला. प्रेक्षकांनी बरोबर करवती आणल्या होत्या. त्यांनी बाकांच्या रांगाच्या रांगा कापून मैदानात फेकल्या. अखेरीस खेळ दुसऱ्या टोकाकडे वळवावा लागला. सामना संपल्यावर अनेक खेळाडू स्वस्त बाकांकडे धावले आणि प्रेक्षकांना मिठ्या मारू लागले. त्यांत अर्नेस्ट बायनर होते. १९८८ च्या जानेवारीत, अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर, डेन्व्हर येथे त्यांच्याच हातून चेंडू निसटला होता. क्लीव्हलंडच्या लोकांनी ते कधीच विसरले नव्हते. त्या दिवशी मात्र कोणी त्याची आठवण काढली नाही.

शहराने भाडेपट्ट्याच्या आधारे न्यायालयात धाव घेतली आणि १९९६ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. खेळाडू व करारमदार मॉडेल यांनी न्यावेत. नाव, रंग आणि विक्रमांचा इतिहास मात्र क्लीव्हलंडमध्येच राहावा, असे ठरले. संघाची मालमत्ता व संघाची स्मृती या दोन भिन्न वस्तू आहेत, हे अशा रीतीने एका करारपत्रात नमूद झाले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील हीच सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट होय. बेलिचिक यांना त्याच महिन्यात काढून टाकण्यात आले. पुढे न्यू इंग्लंडच्या संघाला त्यांनी सहा वेळा अजिंक्यपद मिळवून दिले. बॉल्टिमोरला गेलेल्या संघाने रेव्हन्स हे नाव घेतले आणि २००१ च्या जानेवारीत तो अजिंक्य झाला. क्लीव्हलंडला १९९९ साली ब्राउन्स याच नावाचा नवा संघ मिळाला. त्याचे मालक झाले अल लर्नर. मॉडेल यांना बॉल्टिमोरची वाट दाखविण्यात त्यांचाच हात होता! संघाच्या हक्कासाठी त्यांनी ५३ कोटी डॉलर मोजले. हा नवा संघ २०१७ साली सोळाच्या सोळा सामने हरला. त्याही वर्षी नाव तेच होते.

मॉडेल २०१२ च्या सप्टेंबरमध्ये वारले. त्या आठवड्यात लीगच्या घरच्या मैदानांवर सामन्यांपूर्वी क्षणभर स्तब्धता पाळून त्यांना आदरांजली वाहण्यात आली. क्लीव्हलंडमध्ये, मॉडेल कुटुंबीयांच्याच विनंतीवरून, ती पाळण्यात आली नाही.